क्यूरिस्क-३ हृदयजोखीम गणक : ब्रिटनमधील भारतीय वापरकर्त्यासाठी एक परीक्षण

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, वयाने ४० ते ७४ च्या दरम्यान असलेल्या आणि हृदयविकार, पक्षाघात किंवा मधुमेह यांचे निदान आधीच झालेले नसलेल्या माणसाला एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतर्फे दर पाच वर्षांनी एकदा मोफत आरोग्य तपासणी मिळावी, अशी व्यवस्था २००९ पासून आहे. या तपासणीत रक्तदाब घेतात, कोलेस्टेरॉल पाहतात, उंची आणि वजन नोंदवतात, धूम्रपानाची चौकशी करतात आणि शेवटी संगणकाच्या पडद्यावर एक टक्केवारी उमटते. पुढील दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता किती, हे ती टक्केवारी सांगते. ती काढणाऱ्या साधनाचे नाव क्यूरिस्क-३. जीपींच्या, म्हणजे तेथील कुटुंबवैद्यांच्या, दवाखान्यातील संगणकप्रणालीत ते बसवलेले असतेच, परंतु त्याचे संकेतस्थळही खुले व विनामूल्य आहे आणि आपले आकडे हाताशी असतील तर कोणीही ते घरबसल्या वापरून पाहू शकतो.

या गणकाचे वैद्यकीय मूल्यमापन तज्ज्ञांनी पुष्कळ केले आहे आणि ते काम माझे नव्हे. मला येथे एवढेच तपासायचे आहे की भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, आफ्रिकी किंवा कॅरिबियन वंशाच्या माणसाला हे साधन कसे वागवते, आणि हृदयाच्या तपासण्या व उपचार यांच्यापर्यंत पोहोचण्यात या गटांना ज्या अडचणी येतात त्यांचा त्याला पत्ता लागतो की नाही.

पूर्वीची स्थिती आठवली की क्यूरिस्कचे मोल नीट कळते. हृदयजोखमीची जुनी गणिते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासावर आधारलेली होती. त्या अभ्यासाचे ५,२०९ सहभागी जवळपास सगळे गोरे होते. त्यावरून काढलेले सूत्र ब्रिटनमधील भारतीय उपखंडातून आलेल्या लोकांना लावले की जोखीम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत असे. यावर तोडगा म्हणून ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने २००८ मध्ये दक्षिण आशियाई पुरुषांच्या आकड्याला १.४ ने गुणावे अशी शिफारस केली होती. भारतीय असो, पाकिस्तानी असो वा बांगलादेशी, गुणक सर्वांना एकच, आणि तोही फक्त पुरुषांसाठी. स्त्रियांना तो नव्हता.

त्याच वर्षी क्यूरिस्कची दुसरी आवृत्ती आली आणि तिने वांशिक गट हा सूत्राचाच भाग बनवला. २०१७ मध्ये आलेली तिसरी आवृत्ती इंग्लंडमधील जीपींच्या नोंदींतून सुमारे ७९ लाख लोकांच्या माहितीवर उभी करण्यात आली आणि आणखी सुमारे २७ लाख लोकांच्या माहितीवर तपासून पाहण्यात आली. ज्युलिया हिप्पिस्ली-कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम खऱ्या अर्थाने मोठे आहे. ज्या देशात त्याचा वापर व्हायचा, त्याच देशातील सामान्य रुग्णांच्या नोंदींवरून ते बांधले गेले, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू होय.

संकेतस्थळावरचा अर्ज साधा आहे. वय २५ ते ८४ च्या दरम्यान हवे. त्यानंतर लिंग, वांशिक गट, पोस्टकोड, धूम्रपान, मधुमेह, आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला साठीच्या आत हृदयविकार झाला होता का, मूत्रपिंडाचा जुनाट आजार, हृदयाच्या ठोक्यांची एट्रियल फिब्रिलेशन नावाची अनियमितता, अर्धशिशी, संधिवात, ल्युपस, गंभीर मानसिक आजार, स्टेरॉइडच्या गोळ्या अशी विचारणा होते. शेवटी कोलेस्टेरॉलचे (एकूण आणि ‘चांगले’ यांचे) गुणोत्तर, वरचा रक्तदाब, लागोपाठच्या मोजण्यांमध्ये तो किती वरखाली झाला याचे माप, आणि उंची-वजन. एखादा आकडा ठाऊक नसेल तर रकाना मोकळा ठेवता येतो, आणि मग त्या वयाच्या, लिंगाच्या व वांशिक गटाच्या लोकांची सरासरी तेथे धरली जाते. उत्तर टक्केवारीत तर मिळतेच, शिवाय शंभर चेहऱ्यांचे एक चित्रही दिसते. त्यांतील किती चेहरे दहा वर्षांत आजारी पडतील हे वेगळ्या रंगात दाखवलेले असते. टक्केवारीचा अर्थ न लागणाऱ्या माणसाला हे चित्र चटकन समजते. अर्ज आणि उत्तर दोन्ही मात्र फक्त इंग्रजीत आहेत.

आता मुख्य मुद्दा. या गणकाची मूळ संगणकीय संकेतावली (सोर्स कोड) प्रसिद्ध केलेली आहे आणि त्यामुळे प्रत्येक वांशिक गटाला सूत्रात किती वजन, म्हणजे भार, दिले आहे ते कोणालाही वाचता येते. इतका पारदर्शीपणा वैद्यकीय साधनांत दुर्मीळ आहे आणि त्याबद्दल निर्मात्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत. एक उदाहरण घेऊ. गोऱ्या गटात निवड केल्यावर ज्या पुरुषाची जोखीम नेमकी ८ टक्के येते, त्याचे बाकी सर्व आकडे तसेच ठेवून फक्त गट बदलला, तर भारतीय म्हणून ती साधारण साडेदहा टक्के होते, पाकिस्तानी म्हणून साडेबारा आणि बांगलादेशी म्हणून १३ च्या थोडी वर. कृष्णवर्णीय आफ्रिकी म्हणून तीच जोखीम साडेपाचच्या खाली उतरते. स्त्रियांमध्ये क्रम थोडा वेगळा आहे. तेथे पाकिस्तानी गटाचे वजन सर्वाधिक असून भारतीय आणि बांगलादेशी गट जवळजवळ बरोबरीने चालतात. एकाच गुणकाने सर्वांना मोजणाऱ्या २००८ च्या तोडग्यापेक्षा हे निश्चितच सूक्ष्म आहे.

हा फरक कागदोपत्री राहत नाही. नाइसच्या शिफारशीनुसार जोखीम १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर जीवनशैलीबद्दलच्या सल्ल्याबरोबर कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन गटातील औषध, सामान्यतः रोज २० मिलिग्रॅम ॲटोर्व्हास्टॅटिन, देऊ करायचे असते. म्हणजे वरच्या उदाहरणातील पुरुषाने भारतीय हा पर्याय निवडला तर त्याच्याशी औषधाविषयी बोलणे होते, आणि निवडला नाही तर बहुधा ‘पाच वर्षांनी या’ एवढेच. १० टक्क्यांच्या खालीही रुग्णाची इच्छा असेल तर औषध नाकारू नये, असे नव्या मार्गदर्शनात म्हटले आहे, परंतु घाईच्या दवाखान्यात सीमारेषेचा आकडाच निर्णय घेतो हे उघड आहे.

म्हणूनच वांशिक गटाच्या यादीतील पहिला पर्याय मला सर्वांत जास्त खटकतो. तो पर्याय आहे ‘गोरे किंवा नोंद नाही’. ज्याने आपला गट सांगितलेला नाही, किंवा ज्याचा गट दवाखान्याने कधी विचारून नोंदवलाच नाही, त्याला हे साधन गोरा समजते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने यामागचे कारण समजते. ज्या नोंदींवरून सूत्र काढले त्यांत अनेकांच्या गटाची नोंद नव्हती आणि इंग्लंडमध्ये बहुसंख्य लोक गोरे असल्यामुळे त्या सर्वांना त्या बाजूला धरणे सोयीचे होते. परंतु या सोयीची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. नोंद नसलेल्या गोऱ्या माणसाचे काहीच बिघडत नाही. नोंद नसलेल्या बांगलादेशी माणसाची जोखीम १३ ऐवजी ८ दिसते. दवाखान्यात नुकतेच नाव घातलेले, घरे आणि गावे वारंवार बदलणारे, अर्ज कोणाकडून तरी भरून घेणारे लोक हे बऱ्याचदा नव्याने आलेले स्थलांतरित असतात, आणि नोंद अपुरी राहण्याची शक्यता त्यांच्याच बाबतीत अधिक. ज्या माणसासाठी वांशिक गटाचा रकाना निर्माण झाला, त्याच्याच बाबतीत तो रिकामा राहण्याचा धोका सर्वाधिक आहे, आणि रिकामा राहिला की साधन गप्प राहते, कोणतीही सूचना देत नाही. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त मराठी गृहस्थांची दवाखान्यातील नोंद अशीच निघाली. गट नोंदवल्यावर त्यांचा आकडा सीमारेषेच्या पलीकडे गेला. त्यांच्या रक्तात काहीच बदलले नव्हते.

दुसरी अडचण ‘इतर आशियाई’ या पर्यायाची. पर्यायांची ही यादी जनगणनेच्या धर्तीची आहे, वैद्यकाच्या नव्हे. भारतातील तमिळ माणूस भारतीय ठरतो आणि त्याची जोखीम सुमारे एक तृतीयांशाने वाढते. श्रीलंकेतील तमिळ माणूस ‘इतर आशियाई’ ठरतो, जेथे जोखीम गोऱ्या गटापेक्षा जेमतेम तीन-चार टक्क्यांनी वाढते. त्याच ८ टक्क्यांच्या उदाहरणात पहिला साडेदहाला पोहोचतो आणि दुसरा सव्वाआठच्या आसपास थांबतो. या दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकांपासून इतक्या वेगळ्या असतील यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. नेपाळी माणसाची गतही तीच. ज्यांचे आई-वडील दोन वेगवेगळ्या गटांतील आहेत त्यांच्यासाठी तर यादीत स्वतंत्र जागाच नाही.

तिसरी गोष्ट लहान आहे, पण बोलकी आहे. गणक आपल्या जोखमीची तुलना त्याच वयाच्या, लिंगाच्या आणि वांशिक गटाच्या ‘निरोगी’ व्यक्तीशी करून दाखवतो. या कल्पित निरोगी व्यक्तीचा वरचा रक्तदाब १२५, कोलेस्टेरॉलचे गुणोत्तर ४ आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २५ धरलेला आहे. याच इंग्लंडमध्ये नाइसने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितले होते की दक्षिण आशियाई, चिनी, आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाच्या लोकांत बीएमआय २३ च्या वर गेला की धोका वाढलेला समजावा आणि २७.५ पासून तो जास्त समजावा. मग भारतीय गटाचा आदर्श निरोगी पुरुष २५ चा कसा? एका सरकारमान्य मार्गदर्शनानुसार जो माणूस सावध व्हायला हवा, तोच दुसऱ्या सरकारमान्य साधनात आदर्श म्हणून उभा आहे. याचा परिणाम मूळ टक्केवारीवर होत नाही, कारण तिच्यात माणसाचे स्वतःचे उंची-वजन धरलेले असते, परंतु ‘तुमची जोखीम निरोगी माणसाच्या इतकी पट’ हे वाक्य आणि त्याबरोबर सांगितले जाणारे ‘हृदयाचे वय’ या दोन्हींवर तो होतो, आणि सामान्य माणसाच्या लक्षात तेच राहते.

येथपर्यंतचे दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत. यापुढचा दोष साधनाच्या घडणीतच आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या अर्जातील बहुतेक प्रत्येक प्रश्न असे गृहीत धरतो की तुमची तपासणी आधीच झालेली आहे. मूत्रपिंडाचा आजार आहे का, म्हणजे तो कोणी तपासून सांगितला आहे का. ठोके अनियमित आहेत का, म्हणजे कधी ईसीजी निघाला आहे का. रक्तदाब किती वरखाली होतो, म्हणजे तो निदान दोनदा तरी मोजून लिहून ठेवला आहे का. ज्याला जीपीची वेळ सहज मिळते, कामावरून सुट्टी काढता येते, आणि स्वतःचा त्रास इंग्रजीत नीट मांडता येतो, त्याचे रकाने भरलेले असतात. ज्याला हे जमत नाही, त्याच्या रकान्यांत ‘नाही’ किंवा गटाची सरासरी जाते. निदान न झालेला आजार आणि नसलेला आजार या अर्जाला एकसारखेच दिसतात.

कुटुंबातील हृदयविकाराचा प्रश्न तर त्याहून पुढे जातो, कारण तो मागच्या पिढीच्या तपासण्या विचारतो. आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील गावाकडे ‘एकाएकी गेले’. रात्री जेवून झोपले आणि सकाळी उठले नाहीत, एवढीच हकिकत घराण्यात राहते. शवविच्छेदन झालेले नसते, मृत्यूच्या दाखल्यावर कारण असलेच तर मोघम असते आणि वयही अदमासाने लिहिलेले असते. अशा माणसाने अर्जात काय भरावे? प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे तर ‘ठाऊक नाही’ असे द्यावे लागेल, पण तसा पर्यायच नाही. येथे फक्त हो किंवा नाही चालते, आणि शंका असलेला सज्जन माणूस बहुधा ‘नाही’ म्हणतो. शेजारच्या इंग्रज गृहस्थांच्या वडिलांना ५५ व्या वर्षी झटका आला होता हे रुग्णालयाच्या कागदावर लिहिलेले असते, म्हणून त्यांचा आकडा वाढतो. भारतातल्या एका पिढीला न मिळालेला ईसीजी असा मुलाच्या पडद्यावर कमी जोखीम होऊन उमटतो.

पोस्टकोडचे प्रकरण मी थोडक्यात आटोपतो. त्यावरून टाउनसेंड निर्देशांक धरला जातो. परिसरात बेरोजगारी किती, मोटारी किती जणांकडे नाहीत, स्वतःची घरे किती जणांची नाहीत आणि घरांत दाटी किती, या चार गोष्टींतून तो बनतो. माणसाची नव्हे तर मोहल्ल्याची गरिबी मोजणारा हा आकडा असल्यामुळे एकाच रस्त्यावरचा दुकानमालक आणि त्याच्याकडचा रात्रपाळीचा कामगार दोघांना तो सारखाच लागू होतो. तरीही तो असणे नसण्यापेक्षा बरे.

वांशिक गटाचे वजन नेमके कशाचे आहे, हा प्रश्न आता टाळता येत नाही. भारतीय म्हणून वाढणारी एक तृतीयांश जोखीम ही रक्ताची आहे, आहाराची आहे, की उशिरा मिळालेल्या उपचारांची? सूत्राला यातले काहीच वेगळे करता येत नाही. बाकीच्या सर्व प्रश्नांनी जे समजावले गेले नाही, ते सगळे त्या एका वजनात साठते. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासाने २००४ मध्ये दाखवले की धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर अशा मोजक्या कारणांनी जगभरातील बहुतेक झटक्यांचा उलगडा होतो. त्याच माहितीच्या २००७ मधील विश्लेषणात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षाच्या सुमारास आणि इतरांना ५९ च्या सुमारास येतो असे आढळले, आणि त्यामागे मुख्यतः याच ओळखीच्या कारणांचे लवकर येणे होते. म्हणजे ‘आपल्या वंशातच आहे’ असे म्हणून हात झटकण्याला फारसा आधार नाही.

उपचारांच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक अस्वस्थ करणारे आहे. लंडनमध्ये अँजिओग्राफी झालेल्या रुग्णांचा एक अभ्यास २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या रुग्णाला बायपास शस्त्रक्रिया योग्य ठरेल हे तज्ज्ञांच्या मंडळाच्या निकषांनी आधी ठरवण्यात आले आणि मग प्रत्यक्षात ती कोणाची झाली ते पाहिले गेले. शस्त्रक्रिया योग्य ठरलेल्यांमध्येही दक्षिण आशियाई रुग्णांची ती गोऱ्या रुग्णांपेक्षा कमी प्रमाणात झाली होती. विशेष म्हणजे डॉक्टरांनी काय करायचे योजले होते हे तपासले असता दोन्ही गटांत तसा फरक सापडला नाही. संशोधकांचा निष्कर्ष असा होता की डॉक्टरांच्या पूर्वग्रहाने हा फरक समजावता येत नाही. मग अडले कोठे? निर्णय आणि शस्त्रक्रियेचे टेबल यांच्यामध्ये प्रतीक्षायादी असते, पत्रे असतात, फोन असतात, संमतीचे बोलणे असते आणि कुटुंबाची भीतीही असते. यांतील कोणत्या टप्प्यावर किती रुग्ण गळाले हे त्या अभ्यासावरून ठरत नाही, पण गळती होती हे मात्र ठरते.

‘आपलेच लोक दुखणे अंगावर काढतात’ हे उत्तर आपल्याकडे फार लवकर दिले जाते, आणि ते आपणच देतो. १९९७ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात लोकांना छातीत दुखण्याचे वर्णन देऊन ‘तुम्ही काय कराल’ असे विचारले होते. त्यात हिंदू आणि शीख उत्तरकर्त्यांनी तातडीने वैद्यकीय मदत घेण्याची तयारी गोऱ्या उत्तरकर्त्यांपेक्षा अधिक दाखवली. कल्पित प्रसंगातील उत्तर आणि प्रत्यक्ष वागणे यांत अंतर असू शकते हे मान्य करूनही, सगळा दोष रुग्णाच्या दारात टाकता येणार नाही एवढे यावरून म्हणता येते.

याचा क्यूरिस्कशी संबंध थेट आहे. हे सूत्र ज्या नोंदींवरून बांधले, त्यांत ज्याचा आजार ओळखला गेला, रुग्णालयात नोंदवला गेला किंवा मृत्यूच्या दाखल्यावर लिहिला गेला, तोच ‘घटना’ म्हणून मोजला गेला. एखाद्या गटाचे निदान कमी होत असेल, तर सूत्राच्या दृष्टीने त्या गटाला आजारच कमी होतो. मृत्यूच्या नोंदी जोडल्यामुळे ही उणीव बरीचशी भरून निघते, पण ज्यांनी आजार अंगावर वागवत आयुष्य काढले त्यांची भरून निघत नाही. कृष्णवर्णीय गटांना लावलेले उणे वजन मला म्हणूनच जपून वाचावेसे वाटते. ब्रिटनमधील आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाच्या लोकांत हृदयधमन्यांचा विकार तुलनेने कमी आढळतो ही गोष्ट खरी आहे. पण त्यांच्यात उच्च रक्तदाब आणि पक्षाघात यांचे प्रमाण अधिक असते हेही तितकेच खरे आहे. गणक या दोन्ही आजारांची मिळून एकच टक्केवारी देतो. त्यामुळे अशा रुग्णाच्या बाबतीत पक्षाघाताची वाढीव शक्यता हृदयविकाराच्या घटीव शक्यतेआड लपू शकते. दोन आकडे वेगळे दाखवले असते तर कागदाचा खर्चही वाढला नसता.

अमेरिकेने वेगळी वाट धरली आहे. तेथील २०१३ च्या सूत्रात गोरे आणि आफ्रिकन-अमेरिकन असे दोनच गट होते आणि भारतीय माणसाला गोऱ्यांच्या सूत्राने मोजले जाई. २०१८ च्या मार्गदर्शनात दक्षिण आशियाई वंश हा ‘जोखीम वाढवणारा घटक’ म्हणून डॉक्टरांनी आकड्याबाहेर विचारात घ्यावा असे सुचवले गेले. २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने आणलेल्या ‘प्रिव्हेंट’ या नव्या सूत्रातून वंश पूर्णपणे काढून टाकला आहे, आणि राहत्या परिसराच्या सामाजिक स्थितीचा निर्देशांक ऐच्छिक म्हणून ठेवला आहे. वंश हा जैविक नसून सामाजिक वर्ग आहे, ही त्यामागची भूमिका तत्त्वतः पटण्यासारखी आहे. तरीही ब्रिटनमधील भारतीय म्हणून मला क्यूरिस्कचीच पद्धत आज तरी अधिक उपयोगी वाटते. कारण कोणतेही असो, जोखीम जर जास्त असेल तर ती आकड्यात दिसली पाहिजे. ती दिसेनाशी केल्याने कारण नाहीसे होत नाही, फक्त औषध लांबते.

तरुणांसाठी मात्र या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे. दहा वर्षांचाच विचार होत असल्यामुळे ३५ वर्षांच्या माणसाचा आकडा, पोट सुटलेले असले आणि वडील पन्नाशीत गेलेले असले तरी, बहुधा लहानच येतो. दक्षिण आशियाई लोकांत आजार लवकर येतो हे लक्षात घेता हा लहान आकडा खोटा दिलासा देऊ शकतो. चाळिशीच्या आतील अशा लोकांसाठी आयुष्यभराची जोखीम सांगणारी क्यूरिस्कची वेगळी आवृत्ती वापरण्याचा विचार करावा असे नाइसचे २०२३ चे मार्गदर्शन सांगते. परंतु मोफत तपासणीचे बोलावणे चाळिशीनंतरच येत असल्यामुळे ती आवृत्ती या वयात कोणी आपणहून दाखवील, अशी अपेक्षा ठेवू नये. स्वतःहून विचारावे लागते.

आणखी एक इशारा येथेच द्यायला हवा. ज्यांना छातीत दुखते, चालताना दम लागतो किंवा डाव्या हातात कळ येते, त्यांच्यासाठी हे साधन मुळीच नाही. ते निरोगी दिसणाऱ्या माणसाची भविष्यातील शक्यता सांगते, आज चाललेल्या दुखण्याचे निदान करत नाही. छातीतील कळ थांबत नसेल तर ९९९ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा, आणि येऊन-जाऊन दुखत असेल तर जीपीकडे जाऊन छातीच्या दुखण्याच्या विशेष तपासणी केंद्राकडे पाठवण्याविषयी स्पष्ट विचारावे. ज्यांना हृदयविकार आधीच झाला आहे, टाइप १ मधुमेह आहे किंवा वारशाने कोलेस्टेरॉल फार वाढलेले आहे, त्यांच्या बाबतीतही हा आकडा वापरू नये असेच मार्गदर्शन आहे. भारतात बसून पोस्टकोडचा रकाना मोकळा ठेवून जे हा गणक वापरतात, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्यातील ‘भारतीय’ म्हणजे इंग्लंडमध्ये राहणारा आणि तेथील जीपीकडे नाव असलेला भारतीय.

या सर्व मर्यादांसह मी पाचपैकी साडेतीन तारे देईन. सूत्राला आणि पारदर्शीपणाला चार, वांशिक गटाच्या यादीला दोन. २०२४ मध्ये त्याच संशोधकांनी क्यूआर-४ हे पुढचे सूत्र प्रसिद्ध केले असून त्यात फुप्फुसांचा जुनाट आजार, काही कर्करोग, शिकण्यातील अक्षमता, आणि स्त्रियांच्या बाबतीत गरोदरपणातील रक्तदाबाचा विकार अशा नव्या गोष्टी घेतल्या आहेत. अर्जात नवे आजार वाढतील हे चांगलेच आहे. मला त्यात कौटुंबिक इतिहासासमोर ‘ठाऊक नाही’ हा पर्याय, आणि गट निवडलेला नसेल तर उत्तर देण्याआधी थांबून विचारणारी एक ओळ अधिक हवी आहे.

तोवर वापरणाऱ्याने आपल्या बाजूने करण्याजोग्या काही गोष्टी आहेत. जीपीच्या स्वागतकक्षात जाऊन किंवा फोनवर आपला वांशिक गट नोंदलेला आहे का, आणि काय म्हणून, हे विचारावे. नसेल तर तेथेच नोंदवून घ्यावा. घरी रक्तदाब मोजत असाल तर तारखेसह मोजण्या लिहून न्याव्यात. आई-वडिलांच्या बाबतीत शंका असेल तर ती शंका म्हणूनच तोंडी सांगावी आणि नोंदीत लिहायला लावावी. सोबत आलेल्या आईला इंग्रजी समजत नसेल तर दुभाषी मागावा. एनएचएसमध्ये तो विनामूल्य मिळतो, पण वेळ ठरवतानाच सांगावे लागते, आयत्या वेळी सहसा मिळत नाही. आणि मुलाने किंवा सुनेने दुभाषी होऊ नये. सासूबाई सुनेसमोर आपल्या छातीतल्या दुखण्याविषयी जेवढे बोलतात, तेवढेच डॉक्टरांच्या नोंदीत जाते.